चाळीस हजारांचा निवाडा

१८५९ च्या फेब्रुवारीत मस्कतचा शासक थुवैनी बिन सईद सैन्याने भरलेली गलबते घेऊन झांझिबारवर चालून निघाला. तिथे राज्य करणारा माजिद बिन सईद हा त्याचा सावत्र भाऊ होता. काफिला अरबस्तानच्या पूर्व टोकाशी, रास अल हद्दच्या आसपास पोचला, तेव्हा ‘पंजाब’ नावाची वाफेवर चालणारी युद्धनौका त्याला आडवी आली. ही नौका मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेली होती आणि तिचा कप्तान ग्रिफिथ जेंकिन्स ‘इंडियन नेव्ही’चा अधिकारी होता. त्याने मुंबईच्या गव्हर्नरचा निरोप थुवैनीला दिला. स्वारी थांबवा, भावाशी असलेला तंटा हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयपुढे ठेवा आणि ते देतील तो निवाडा मान्य करा, असा तो निरोप होता. थुवैनी माघारी वळला.

ओमान ब्रिटिशांच्या ताब्यात नव्हते आणि झांझिबारही नव्हते. दोन्ही भावांपैकी कोणी इंग्रज सरकारचा मांडलिक नव्हता, की मुंबईच्या तैनाती फौजेवर पोसला जात नव्हता. तरीही त्यांच्या वाटणीचा निर्णय कलकत्त्यात झाला. त्या निर्णयाने हिंदी महासागराच्या काठावरचे एक राज्य कायमचे दुभंगले. परक्या घरातल्या भाऊबंदकीत पंच म्हणून बसणाऱ्याच्या हाती नेमके काय लागते, हे समजून घ्यायला हे प्रकरण फार उपयोगी पडते.

दोन किनाऱ्यांचे राज्य

या भावांचे वडील सय्यद सईद बिन सुलतान १८०६ च्या सुमारास मस्कतच्या गादीवर आले आणि अर्धशतक तिथे राहिले. ओमान हा डोंगर-वाळवंटाचा, खजुराचा आणि भांडखोर टोळ्यांचा प्रदेश होता. त्याचे खरे बळ बंदरात आणि जहाजांत होते. सईद यांनी ते बळ आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे वळवले. मोंबासा जिंकले, झांझिबारमध्ये मुक्काम वाढवत नेला आणि शेवटी दरबारच तिथे हलवला. झांझिबार आणि शेजारच्या पेंबा बेटावर लवंगेच्या बागा उभ्या राहिल्या. आफ्रिकेच्या पोटातून हस्तिदंत आणि गुलाम या बंदरात येऊ लागले. बागांमध्ये राबणारेही गुलामच होते.

मस्कत ते झांझिबार हे अंतर सुमारे चार हजार किलोमीटरचे. हे राज्य वाऱ्यांच्या पंचांगावर चालत असे. हिवाळ्यात ईशान्येचे वारे सुटले की अरबी बगले आफ्रिकेकडे निघायचे आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की परतायचे. हुकूम पाठवला तर उत्तराला अनेक महिने लागत. अशा राज्यात एका टोकाला राजा आणि दुसऱ्या टोकाला मुलगा बसवणे हाच कारभाराचा व्यवहार्य मार्ग होता. थुवैनी मस्कत सांभाळत असे. झांझिबारचा कारभार आधी खालिदकडे होता आणि १८५४ मध्ये तो वारल्यावर माजिदकडे आला. आणखी एक मुलगा तुर्की ओमानच्या सोहार बंदरात होता.

या व्यापाराची तिजोरी मात्र अरबांच्या हाती नव्हती. झांझिबारच्या जकातीचा मक्ता कच्छमधील मुंद्र्याच्या जयराम शिवजी या भाटिया पेढीकडे होता. पेढी दरवर्षी ठरलेली रक्कम राजाला द्यायची आणि बंदरातली जकात स्वतः वसूल करायची. राजाला उसने पैसे लागले तर तेही तीच पुरवायची. शिवाय भाटिया, खोजा आणि बोहरा व्यापारी लवंग, हस्तिदंत आणि कापडाचा व्यापार करत. त्यांची माणसे आणि हुंड्या मुंबईशी जोडलेल्या होत्या. सईद स्वतः मुंबईत जहाजे बांधून घेत. तिथे बांधलेले ‘लिव्हरपूल’ हे ७४ तोफांचे जहाज त्यांनी १८३६ मध्ये इंग्लंडच्या राजाला भेट दिले. ब्रिटिश नौदलाने त्याचे नाव बदलून ‘इमाम’ ठेवले.

समुद्रावरचा मृत्यू

१९ ऑक्टोबर १८५६ रोजी मस्कतहून झांझिबारला येताना, सेशेल्स बेटांच्या परिसरात, सईद यांचा जहाजावरच मृत्यू झाला. सोबत बरघश हा तरुण मुलगा होता. समुद्रात मृत्यू आला तर देह समुद्रालाच अर्पण करण्याची रीत होती, पण बरघशने वडिलांचा देह पेटीत ठेवून झांझिबारला आणला. तो रात्री गुपचूप किनाऱ्यावर उतरला आणि किल्ला ताब्यात घेण्याच्या खटपटीला लागला. किल्लेदाराने दाद दिली नाही. काही दिवसांतच माजिदच्या नावाची द्वाही फिरली.

सईद यांनी वारसाची सोय केली नव्हती असे नाही. १८४४ मध्ये त्यांनी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री लॉर्ड अॅबरडीन यांना पत्र लिहून आफ्रिकेतील मुलुख खालिदला आणि ओमान थुवैनीला द्यावे, असा मनोदय कळवला होता. त्यामुळे डावलला गेलेला थोरला मुलगा हिलाल दुसऱ्याच वर्षी दाद मागायला लंडनपर्यंत गेला आणि हात हलवत परतला. म्हणजे निवाडा होण्याच्या बरेच आधी बाप आणि मुलगा दोघेही घरचा प्रश्न इंग्रजांच्या दारी नेऊन मोकळे झाले होते. पुढे खालिदही गेला आणि पत्रातली अर्धी व्यवस्था निकालात निघाली.

ओमानी राज्यपरंपरेत थोरल्या मुलालाच गादी, असा नियम नव्हता. इबादी पंथात इमाम निवडला जातो. सईद यांचे घराणे इमामपद न घेता ‘सय्यद’ म्हणून राज्य करत होते, पण गादी टिकवायची तर टोळीप्रमुखांची मान्यता आणि स्वतःचे मनगट या दोन्ही गोष्टी लागत. सईद यांनाही गादी मिळाली होती ती चुलतभाऊ बद्रचा काटा काढूनच.

खंडणी की भावाची भेट?

पहिली तडजोड घरातल्याच नातेवाइकाच्या मध्यस्थीने १८५७ मध्ये झाली. माजिदने थुवैनीला दरवर्षी ४०,००० मारिया तेरेसा डॉलर द्यावेत असे ठरले. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची छबी असलेले हे चांदीचे नाणे अरबस्तानापासून पूर्व आफ्रिकेपर्यंत चालत असे. रक्कम दोघांना मान्य होती. तिचा अर्थ मात्र दोघांनी वेगवेगळा लावला.

थुवैनीच्या मते ही खंडणी होती. झांझिबार ओमानच्या तलवारीने मिळवलेला मुलुख होता, ओमान हे घराण्याचे मूळ आणि वडिलकी आपल्याकडे. तेव्हा माजिद हा आपला सुभेदार, आणि तो देत असलेले पैसे हीच त्याची कबुली. माजिद म्हणत होता की आपल्याला झांझिबारच्या लोकांनी गादीवर बसवले आहे. गरिबीतल्या भावाला आपण मदत करतो, आणि तीही त्याने सोहारच्या तुर्कीला त्रास न देण्याच्या भरवशावर. थुवैनीने तुर्कीवर दडपण आणले तेव्हा माजिदने हात आखडता घेतला.

हा वाद पैशांपेक्षा मोठा होता. खंडणी मान्य केली तर माजिदला परराष्ट्रांशी स्वतंत्र करार करता आले नसते, आणि उद्या थुवैनीने दुसरा सुभेदार नेमला असता तर तक्रारीला जागा उरली नसती. भेट मानली तर मस्कतच्या तिजोरीतला मोठा आधार माजिदच्या मर्जीवर लटकला असता. राज्याचे बहुतेक उत्पन्न आता आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येत होते आणि ते हातचे गेले तर ओमानच्या टोळ्या सांभाळणे थुवैनीला जड जाणार होते. म्हणूनच १८५९ च्या सुरुवातीला, ईशान्येचे वारे संपायच्या आत, त्याने शिडे उभारली.

मुंबई मध्ये पडते

मुंबईचे गव्हर्नर तेव्हा लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन होते. ज्यांच्या नावाचे कॉलेज आपण जाणतो ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन वेगळे. इराणचे आखात, मस्कत, एडन आणि झांझिबार यांच्याशी होणारा राजकीय पत्रव्यवहार मुंबई सरकारमार्फत चाले. परक्यांच्या वारसाहक्कात हात घालण्याचा या सरकारचा अनुभव जुना होता. १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी सुरतेचा तह करून पेशवाईच्या दावेदार रघुनाथरावांची बाजू उचलली, त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले आणि वडगावला नामुष्की पत्करावी लागली. दावेदाराला फौज पुरवण्यापेक्षा दोन्ही दावेदारांचा पंच होणे कितीतरी स्वस्त, हे शहाणपण पुढच्या ऐंशी वर्षांत आले होते.

या वेळी चार गोष्टी एकदम जुळून आल्या होत्या. १८५७ चा उठाव नुकताच शमला होता आणि हिंदुस्थानकडे येणाऱ्या समुद्रमार्गावर सरकारला गडबड नको होती. रियुनियन बेटावरच्या ऊसमळ्यांसाठी मजूर हवे असलेले फ्रेंच या किनाऱ्यावर वावरत होते. ब्रिटिश प्रजाजन असलेल्या भारतीय व्यापाऱ्यांचे भांडवल झांझिबारमध्ये गुंतले होते. गुलामांच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी लंडनचा दबाव होता आणि त्यासाठी आपले ऐकणारा राजा हवा होता.

झांझिबारमधले ब्रिटिश वकील ख्रिस्तोफर रिग्बी हे मुंबई सैन्यातले अधिकारी होते आणि अनेक पौर्वात्य भाषा जाणत. त्यांचा कल उघडपणे माजिदकडे होता. त्याची परीक्षा १८५९ च्या ऑक्टोबरमध्ये झाली. हार्थी टोळीच्या पाठबळावर बरघशने बंड केले. खवला आणि सलमा या सावत्र बहिणी त्याच्या बाजूला होत्या. जेमतेम पंधरा वर्षांची सलमा लिहिता येत असल्यामुळे कटाची पत्रे लिहीत होती. माजिदने बरघशच्या घराला वेढा घातला, तेव्हा बहिणींनी त्याला बायकांच्या बुरख्यात बाहेर काढले. पुढे जर्मन व्यापाऱ्याशी लग्न करून एमिली रुएटे झालेल्या याच सलमाने १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत ही हकिकत आली आहे.

बंड मोडले ते ब्रिटिश खलाशांच्या मदतीने. आपल्या मुलुखातल्या असईच्या लढाईचे नाव मिरवणारी युद्धनौका तेव्हा झांझिबारच्या बंदरात होती. बरघश शरण आला आणि त्याची रवानगी मुंबईला झाली. तिथे त्याने सुमारे दोन वर्षे काढली. ज्या दोन पक्षांचा निवाडा करायचा, त्यांतल्या एकाची गादी पंचाने चौकशी सुरू होण्यापूर्वीच स्वतःच्या तोफांनी सावरून दिली होती. हे लक्षात ठेवूनच पुढचे कागद वाचावे लागतात.

कॉगलनची चौकशी

चौकशीसाठी एडनचे रेसिडेंट ब्रिगेडियर विल्यम कॉगलन यांची १८६० मध्ये नेमणूक झाली. त्यांच्या जोडीला रेव्हरंड जॉर्ज पर्सी बॅजर हे अरबी जाणणारे पाद्री दिले गेले. पुढे याच बॅजरनी ओमानच्या इमामांचा आणि सय्यदांचा एक अरबी इतिहास इंग्रजीत आणला. मस्कतमधल्या ब्रिटिश वकिलाचे काम त्या काळात होर्मुझ्द रस्साम पाहत होते. निनेव्हेच्या उत्खननात असुरबनिपालच्या ग्रंथालयातल्या मातीच्या पाट्या उजेडात आणणारे ते हेच रस्साम. उन्हाळ्यात मंडळी मस्कतला गेली, शरदात झांझिबारला. दोन्ही भावांच्या कैफियती घेतल्या, पत्रे तपासली, अरब प्रमुखांना प्रश्न विचारले. वर्ष सरता सरता अहवाल तयार झाला.

कॉगलन यांच्या विचाराचा सारांश असा होता. ओमानमध्ये थोरलेपणाचा हक्क चालत नाही, म्हणून थुवैनीचा वडिलकीचा दावा टिकत नाही. राज्य मृत्युपत्राने वाटून द्यायचा अधिकार सईद यांनाही नव्हता, म्हणून १८४४ च्या पत्राने काही सिद्ध होत नाही. उरते ती लोकांची निवड, आणि जशी ओमानच्या प्रमुखांना निवड करण्याची मुभा, तशीच झांझिबारच्या प्रमुखांनाही. त्यांनी माजिदला निवडले आहे. मात्र मस्कतचा हिस्सा गरीब आणि झांझिबारचा श्रीमंत आहे, तेव्हा ४०,००० ची रक्कम चालू राहावी. झांझिबार स्वतंत्र असल्यास गुलामांच्या व्यापाराला लगाम घालणेही सोपे जाईल.

तर्क म्हणून ही मांडणी चोख आहे आणि ओमानी परंपरेचा अभ्यासही तिच्यात दिसतो. पण ती वाचताना एक गोष्ट नजरेआड होत नाही. दुसऱ्या निवडीची मागणी करणारा बरघश त्याच वेळी मुंबईत नजरेखाली होता आणि त्याच्या पाठीशी उभे राहिलेले हार्थी मोडून काढले गेले होते. लोकांची निवड हा निकष लावताना ती निवड कोणत्या क्षणी मोजायची, हे पंचाने ठरवले होते.

२ एप्रिल १८६१

व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांनी २ एप्रिल १८६१ रोजी दोन्ही भावांना निवाडा कळवला. त्यात तीन कलमे होती. माजिद हा झांझिबारचा आणि सईद यांच्या आफ्रिकेतील मुलुखाचा शासक. झांझिबारच्या शासकाने मस्कतच्या शासकाला दरवर्षी ४०,००० डॉलर द्यावेत. दोन वर्षांची थकबाकी म्हणून ८०,००० डॉलर माजिदने चुकते करावेत.

निवाड्याची खरी करामत याला जोडलेल्या खुलाशात होती. ही रक्कम माजिद आणि थुवैनी या दोन व्यक्तींपुरती नाही, त्यांच्या वारसांनाही ती लागू राहील. तिच्यामुळे झांझिबार मस्कतच्या अधीन ठरत नाही. मस्कतने झांझिबारवरचा हक्क सोडल्याची ती भरपाई आहे आणि दोन हिश्श्यांतली विषमता भरून काढण्यासाठी ती आहे. रक्कम एका पैशाने बदलली नाही. पण थुवैनीच्या हातून खंडणीचा दावा गेला आणि माजिदच्या हातून मर्जीने देण्याघेण्याची सवलत गेली. थुवैनीला पैसा मिळाला, माजिदला स्वातंत्र्य मिळाले.

हेच कॅनिंग त्या सुमारास हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा देण्याचे धोरण ठरवत होते. डलहौसींच्या काळात वारस नाही म्हणून सातारा, झांशी, नागपूर ही राज्ये खालसा झाली होती आणि त्या रागाची झळ १८५७ मध्ये बसली होती. आता गादी बुडवण्यापेक्षा गादीवर कोण बसेल याला मान्यता देणे सरकारला सोयीचे वाटत होते. समुद्रापलीकडच्या निवाड्यात तेच धोरण दिसते. मुलुख घ्यायचा नाही, पण राजाचे राजेपण आपल्या पत्रावर अवलंबून ठेवायचे.

थुवैनीने १५ मे रोजी आणि माजिदने २५ जून रोजी निवाडा मान्य असल्याचे लेखी कळवले. पुढच्याच वर्षी, १० मार्च १८६२ रोजी, ब्रिटन आणि फ्रान्सने पॅरिसमध्ये संयुक्त जाहीरनामा काढून मस्कत आणि झांझिबार या दोन्ही राज्यांचे स्वातंत्र्य जपण्याचे एकमेकांना वचन दिले. त्या वचनात ज्यांचे स्वातंत्र्य जपायचे होते, त्या दोघांची सही नव्हती.

पैसे कोणी दिले?

कागदावर कायमची ठरलेली ही व्यवस्था पाच वर्षांत डळमळली. १८६६ च्या फेब्रुवारीत सोहार येथे थुवैनीचा मुलगा सालिम याने बापाचा खून केला आणि तो मस्कतच्या गादीवर बसला. बापाच्या मारेकऱ्याला आपण पैसे देणार नाही, अशी माजिदने भूमिका घेतली. सालिमलाही १८६८ मध्ये अज्जान बिन कैस याने हाकलले आणि ओमानमध्ये काही काळ निवडलेल्या इमामाचे राज्य आले. तुर्कीने पुतण्या सालिमविरुद्ध उठाव केला होता. ब्रिटिशांनी मध्ये पडून त्याला तनखा लावून मुंबईला पाठवले होते. १८७० मध्ये तो मुंबईहून निघाला आणि १८७१ च्या सुरुवातीला त्याने मस्कत जिंकले. दरम्यान १८७० मध्ये माजिद वारला आणि झांझिबारची गादी बरघशला मिळाली.

म्हणजे निवाड्यानंतरच्या दशकात दोन्ही गाद्यांवर आलेले भाऊ मुंबईत राहून गेलेले होते. हरलेल्या दावेदाराला मारायचे नाही आणि मोकळेही सोडायचे नाही. त्याला तनखा आणि घर देऊन हाताशी ठेवायचे. दुसऱ्या बाजीरावांना बिठूरला ठेवणाऱ्या सरकारला ही पद्धत नवी नव्हती. फरक एवढाच की ओमानच्या राजपुत्रांना परत जायला समुद्र मोकळा होता.

बरघशने निवाड्यातली रक्कम द्यायला नकार दिला. १८७२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या चक्रीवादळाने झांझिबारच्या लवंगेच्या बागा झोपवल्या आणि देणे आणखी अवघड झाले. १८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा करार घडवायला मस्कत आणि झांझिबारला आले. तुर्कीने एप्रिलमध्ये सही केली. बरघशने नाकेबंदीची धमकी मिळाल्यानंतर ५ जूनला केली. याच उलाढालीत ४०,००० डॉलरचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. झांझिबारने देणे थांबवले आणि मस्कतला ती रक्कम हिंदुस्थान सरकारमार्फत मिळू लागली. रुपयांत ती वर्षाला ८६,४०० झाली, महिन्याला ७,२००. देताना अट घातली गेली की सुलतानाने करार पाळावेत आणि ब्रिटिश सरकारशी मैत्री ठेवावी.

१८६१ मध्ये ही रक्कम म्हणजे एका भावाने दुसऱ्याला द्यायची भरपाई होती. तिला अट नव्हती आणि तिसऱ्याच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. १८७३ नंतर पंचच देणेकरी झाला, आणि देणेकऱ्याच्या हाती देणे रोखण्याची ताकद आली. तुर्कीसारख्या गरीब सुलतानाला दरमहाचे ७,२०० रुपये म्हणजे टोळ्यांना शांत ठेवण्याचे साधन होते. ते कोणाच्या मर्जीवर चालू राहतात हे मस्कतच्या दरबारात आणि डोंगरातल्या टोळीप्रमुखांनाही ठाऊक होते.

निवाड्याचे खरे मोल

या निवाड्याने युद्ध टळले हे खरे. थुवैनीची स्वारी झांझिबारवर उतरली असती तर रक्तपात अटळ होता. दोन टोकांचे राज्य सईद यांच्यासारख्या माणसाशिवाय एकत्र टिकलेच असते, असेही म्हणता येत नाही. पण फुटलेल्या राज्याचे दोन्ही तुकडे एकेकटे पडले. वाफेच्या बोटींपुढे मस्कतची गलबते मागे पडली आणि आफ्रिकेचे उत्पन्न तुटल्याने ओमानला सावरायला बळ उरले नाही. झांझिबार श्रीमंत राहिले, पण १८९० मध्ये ते ब्रिटनचे संरक्षित राज्य झाले. १८६२ चे वचन आड येत होते, म्हणून ब्रिटनने मादागास्करवरचे फ्रान्सचे संरक्षण मान्य करून त्याची संमती मिळवली. माजिदला मिळालेले स्वातंत्र्य ३० वर्षेही टिकले नाही.

ओमानच्या वाट्याला तेच वचन वेगळ्या रूपाने आले. फ्रेंच निशाण लावून फिरणाऱ्या मस्कतच्या गलबतांवरून ब्रिटन आणि फ्रान्समध्ये तंटा झाला, तो हेगच्या लवाद न्यायालयात गेला आणि १९०५ मध्ये निकाल लागला. १८६१ चा पंच तिथे स्वतः वादी-प्रतिवादी म्हणून उभा होता. दोन्ही पक्ष बरोबरीचे असल्याने तिथे खरा लवाद झाला. निशाण कोणाला लावता येईल याचे नियम ठरले आणि ते दोघांनाही पाळावे लागले.

कॅनिंग निवाड्यात नेमकी हीच बरोबरी नव्हती. पंच दोन्ही पक्षांहून बलवान होता, निकालात त्याचा स्वतःचा लाभ होता, आणि निवाडा मोडला तर त्याला जाब विचारणारा कोणी नव्हता. भावांनी त्याच्यापुढे वाटणीचा प्रश्न नेला. वाटणी त्यांना मिळाली, पण यापुढे कोणत्या गादीवर कोण बसेल हे ठरवताना मुंबईला विचारणे दोन्ही घरांना भाग पडले. भाऊबंदकीतून मिळालेला हा हक्क कोणत्याही कलमात लिहिलेला नव्हता, आणि तिन्ही कलमांपेक्षा तोच जास्त काळ टिकला.